कंसातली आजी

बुधवार, ८ मे २०२४ : पुणे – भिगवण – पळसदेव

निघायला सात वाजले. बाबा पाचपासून बूट घालून बसले होते आणि हडपसर ओलांडेपर्यंत ते मला ऐकवत होते.

आजी गेल्या वैशाखात गेली. परवा अक्षय्य तृतीया. तिच्या नावानं पहिली घागर भरायची, ती तिच्या सासरच्या घरी, करमाळा तालुक्यात. हे झालं निमित्त. दुसरं कारण मागच्या सीटवर खाकी पाकिटात होतं. वकिलाकडून टाईप करून आणलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. आजीच्या नावावरचं सव्वातीन एकर रान बाबांच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून दोन्ही आत्यांनी त्यावर सही करायची. ‘पद्धत असते,’ असं बाबा म्हणाले होते आणि मीही तेव्हा गप्प बसले होते.

जाता जाता आजीचं माहेर बघायचं हे टुमणं माझं. माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे ते बघायला मुहूर्त लागतो. धरण एकूण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं साडेत्रेसष्ट टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेलं तळातलं पाणी. वरचं साडेत्रेपन्न संपलं की पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ सुरू होतं. यंदा हिवाळा सरायच्या आतच ते सुरू झालं होतं आणि आता आकडा उणे पन्नास टक्क्यांच्या खाली गेला होता. इकडं शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा उणे टक्क्यांत बोलते. आमची आजी मात्र कधी टक्के बोलली नाही. ती म्हणायची, “यंदा चिंचंच्या वावरापत्तुर पानी सरलंय.” नाहीतर, “पांदीतली हीर उघडी पडली आसंल.” १९८० ला धरण पुरं झालं तरी तिच्या लेखी तिथं पाणी नव्हतंच. वावरं होती, त्यांच्यावर कुणीतरी पाणी आणून ओतलं होतं.

यवत, चौफुला, कुरकुंभ, सगळं नेहमीचं. भिगवणला चहाला उतरलो तर सकाळी सव्वानऊला मासे तळायचा वास. दोन्ही बाजूंना चिलापीच्या पाट्या. आजी माळकरी. “जुंधळा गेला आन् चिलापी आली,” हे तिचं धरणावरचं एकमेव भाष्य. बाबांनी माळ घातलेली नाही. येताना इथंच थांबायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. कुंभारगावचे रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते; आम्ही वळलो नाही.

नवं पळसदेव सोलापूर रस्त्याला लागूनच आहे. आजीचे धाकटे भाऊ, आमचे मामाआजोबा, ओट्यावर वाट बघत बसले होते. ऐंशी पार केली आहे. डाव्या तर्जनीला कालच्या मतदानाची शाई. मला बघून म्हणाले, “आक्कागत चालतीस.” मग पाणी, मग चहा, मग पुन्हा चहा. ऊन उतरल्यावर जाऊ म्हणून थांबलो ते चार वाजले.

जुन्या गावाची वाट आधी उसातून जाते, मग गाळातून. पाणी मागं सरेल तसे लोक त्याच्या मागोमाग पेरत जातात. त्याला गाळपेर म्हणतात. खत घालावं लागत नाही. एका ठिकाणी मका पोटरीत आला होता, पलीकडं कांदा काढून नेलेल्या जागी वाळलेल्या पातीचे ढीग होते. त्याच्याही पुढं काळे पाईप आणि केबली, नजर पोचेल तिथवर. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्याचा पाठलाग करतात. पाईप वाढवायचे, केबल ओढायची, चारी खोदून पाणी मोटारीच्या तोंडाशी आणायचं, की आठ दिवसांत ते पुन्हा पुढं पळालेलं. मामाआजोबांचा नातू म्हणाला, “यंदा नऊ वेळा मोटार हलवली, ताई. ऊस इथंच असतो, पाणी फिरतीवर.”

पळसनाथाचं देऊळ लांबूनच दिसलं. खाली दगड, वर शिखर. एरवी शेंडा तेवढा पाण्यावर असतो, आत्ता पायथ्यापर्यंत कोरडं. भोवती वीरगळ आणि सतीशिळा. देव केव्हाच नव्या गावात गेला आहे. पाच-सहा पोरं ड्रोन उडवत होती. मी देवळाचे फोटो काढत राहिले आणि मामाआजोबा पुढं निघून गेले. काठी टेकत, कुठंही न अडखळता, भेगाळलेल्या गाळावरून सरळ चालत एका दगडी जोत्यावर जाऊन उभे राहिले. “ही आमची सदर. हिकडं सोपा. हितं चूल.”

गाव उठलं तेव्हा लोकांनी तुळया, दारं, चौकटी काढून नेल्या. राहिली ती जोती. जात्याची एक तळीही होती, दोन तुकडे झालेली. आणि अंगणाच्या कोपऱ्यात गोल, गाळानं भरलेला खळगा. “हे पेव.” जमिनीच्या पोटात खणलेलं, तोंड अरुंद, खाली रांजणासारखं रुंद होत गेलेलं. त्यात जोंधळा वर्षानुवर्षं टिकायचा. पण बंद पेवात हवा कोंदते. उघडल्यावर आधी दिवस दिवस तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. माणूस आत बसल्या जागी जातो. आणि उतरणार कोण? घरातलं सगळ्यांत हलकं माणूस. नऊ-दहा वर्षांची आजी. कमरेला दोर, हातात टोपली.

“भ्या नाय वाटायचं तिला?” मी विचारलं.

“वाटायचं की. म्हनून आत गानी म्हनायची. गानं थांबलं की दोर वडायचा, आसं बानं सांगितलं व्हतं.”

मी आजीजवळ एकवीस वर्षं राहिले. दुधावरची साय, दृष्ट काढणं, सुरकुतलेले मऊ हात, एवढ्यावर माझी आजी उभी होती. हे पेव मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर मामाआजोबांनी पत्र्याची ट्रंक उघडली. मी जुने फोटो मागितले होते. फोटो एकच निघाला आणि त्यात आजी नव्हती. बाकी सगळे कागद. भरपाईच्या नोटिसा, शेतसाऱ्याच्या पावत्या, जुने सातबारे, फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींच्या नकला. एका फेरफारात पणजोबांचे वारस : तीन मुलगे, आणि ‘इतर हक्क’मध्ये दोन मुली. पुढच्या फेरफारात त्या दोघींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा जबाब दिलेला. खाली निशाणी डावा अंगठा. त्यानंतरच्या सातबाऱ्यावर आजीच्या नावाला कंस.

महसूलवाले नाव खोडत नाहीत, कंस करतात. नाव वाचता येतं, धरायचं नाही एवढंच.

१९५६ च्या कायद्यानं लेकीला बापाच्या मिळकतीत हक्क दिला. पणजोबा गेले १९६४ साली. म्हणजे हक्क होता. म्हणून तर तो सोडवून घ्यावा लागला. आणि पुढं धरणाची भरपाई आली ती कंसाबाहेरच्या तिघांत वाटली गेली.

“मग आजीला काय दिलं?” मी विचारलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं.

मामाआजोबा रागावले नाहीत. “दरसाल लुगडं. दिवाळीला न्यायला गाडी. एक साल चुकवलं नाय.”

“तिनं मागितलं नाही?”

“मागितलं आसतं तर म्हायेर ऱ्हायलं आसतं का, पोरी?” ट्रंकेचं झाकण लावता लावता त्यांनीच पुढचं जोडलं, “आन् तसं म्हायेर तरी कुठं ऱ्हायलं. पान्यात ग्येलं.”

गुरुवार, ९ मे : कळाशी – कुगाव – आजीचं सासर

करमाळ्याकडं जायला दिकसळच्या बाजूनं मोठा वळसा पडतो. म्हणून गाडी कळाशीला ओळखीच्यांच्या अंगणात लावली आणि होडीनं निघालो. होडीला इंजिन, आत माणसं, दोन दुचाकी, कडब्याची पेंढी, एक शेळी. लाइफ जॅकेट कुणाच्या अंगात नव्हतं, मीही मागितलं नाही. (हे लिहिताना हात थांबतो. पुढं २१ मे ला याच मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण गेले. आम्ही त्या दिवशी शेळीला हसत बसलो होतो.)

ह्याच वाटेनं आजी सासरी गेली, १९५० च्या वैशाखात. तेव्हा हा समुद्र नव्हता, भीमा होती आणि उन्हाळ्यात ती गुडघाभर. वऱ्हाडाच्या बैलगाड्या पात्रातून गेल्या. नवरीचं वय चौदा असावं. ‘असावं’, कारण आधारकार्डावर तिचा जन्म १ जानेवारी १९३६ चा आहे. इकडच्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीच्याच आहेत. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता : गांधीबाबा गेले त्या साली तिला न्हाण आलं.

मधोमध पोचल्यावर बाबा अचानक बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी आजी माहेरी निघाली की पात्रात एका ठिकाणी गाडी थांबवायची, खाली उतरून वाळूत झरा उकरायची आणि सगळ्यांना तिथलं पाणी पाजायची. अलीकडचं पाणी सासरचं, पलीकडचं माहेरचं, हे मधलं माझं, असं म्हणायची. बाबांनी हे आधी कधी सांगितलं नव्हतं. होडीवाल्याला वाटलं, ते त्याच्याशीच बोलताहेत. तो हो हो म्हणाला.

कुगावच्या बाजूला इनामदारांचा वाडा पाण्याबाहेर आला होता. उतरलो तर चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन हजर. एकावर तिघं.

आजीच्या सासरची खालची रानं बुडाली, वरची उरली. उरलेल्यांना पाणी मिळालं आणि पिकांची तऱ्हाच बदलली. आधी ऊस, आता केळी. करमाळ्याची केळी परदेशी जातात, हे चुलतभावानं गाडी चालवताना मान मागं वळवून दोनदा सांगितलं. समोर बघ म्हटलं. जोंधळा कुठं दिसेना. आजी असेपर्यंत घराच्या मागं पाच गुंठ्यांचा पट्टा जोंधळ्याचा असायचा, मालदांडीचा. मोहोळच्या शेती संशोधन केंद्रानं निवड करून दिलेली एम ३५-१ म्हणजे हीच, पण आजीच्या मते केंद्रानं निवडायच्या आधीपासून तिची आई ती निवडतच होती. पीक काढणीला आलं की ती एकटी उभ्या पिकात फिरायची, मोजकी कणसं खुडायची आणि चुलीच्या वरच्या तुळईला टांगायची. धूर लागला की कीड लागत नाही. पुढच्या सालचं बी तेच. माझ्या माहितीत तिनं जोंधळ्याचं बी कधी विकत घेतलं नाही. लग्नात ओटीत माहेरचा जोंधळा होता, तेवढं एक तिला माहेरच्या रानातून मिळालं आणि ते तिनं तिच्या लुगड्यांपेक्षा जास्त वर्षं टिकवलं.

खळ्यावर रास मोजायलाही तीच बसायची. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. मला पाढे शिकवताना शाळेतल्या बाई ‘एक’ म्हणाल्या की मी ‘लाभ’ म्हणायचे आणि सगळा वर्ग हसायचा.

दुपारी कुणालाच झोप येईना. घराबाहेर बाभळीखाली बसलो आणि गोष्ट बहात्तरच्या दुष्काळावर आली. या भागात ती कुठूनही तिथं येतेच. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. डाव्या हाताच्या तर्जनी आणि अंगठ्यात दगड धरायचा, उजव्यानं हातोडा. चुकला की बोट. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत दुभंगलेलं होतं. मी लहान असताना त्या खाचेत मेंदी भरायचे. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदराला बांधून घरी आणायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडचा जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची. आजीनं त्यात शिजवलेल्या हुलग्याचं पाणी घालून ती वळती करून दाखवली, तर बायका दुसऱ्या वस्तीवरून बघायला आल्या.

“आन् तुळईची कणसं?” मी विचारलं. “ती खाल्ली असतील ना त्या साली?”

बाबा बराच वेळ गप्प. “मी एकदा चार दाणे काढून तोंडात टाकले होते. तिनं मारलं नाही. माझ्या तोंडात बोट घालून दाणे बाहेर काढले, धुतले आणि परत बांधून ठेवले.”

पोरगं उपाशी आणि हिचं बी शाबूत. काल पेव ऐकलं नसतं तर मला आजीचा राग आला असता.

संध्याकाळी तिची पेटी बघितली. चष्मा, तपकिरीची डबी, पंढरपूरहून आणलेला बुक्का आणि घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेला सातबारा. सव्वातीन एकर. आजोबांनी ते जिवंतपणीच तिच्या नावावर करून दिलं. का, ते कुणालाच सांगितलं नाही. साक्षरतेच्या वर्गात ती सही करायला शिकली ती साठीच्या आसपास, आणि त्यानंतर कितीतरी दुपारी हा कागद काढून आपल्या नावावरून बोट फिरवत बसायची. मला म्हणायची, “आधी आंगठा दिला, मंग सही शिकले. उलटं व्हायला पायजे व्हतं.” घरात सगळे हसायचे. हसण्यासारखंच सांगायची ती. काल रात्रीपर्यंत मलाही तो विनोदच वाटत होता.

शुक्रवार, १० मे : अक्षय्य तृतीया

दोन्ही आत्या सकाळच्या एसटीनं आल्या. थोरली सत्तरीकडं झुकलेली, धाकटी साठीची. दोघींच्या बोटाला शाई. आल्या आल्या पदर खोचून पुरणाला लागल्या. मातीची घागर धुऊन, पाणी भरून, तिच्यावर आंबा ठेवला. पाटावर आजीचा आधारकार्डावरचाच फोटो मोठा करून लावलेला, कारण बाकी सगळ्या फोटोंत ती कुणाच्या तरी मागं उभी आहे. घागरीवर हात ठेवून नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बाबांना आजीच्या आईचं नाव आठवेना. धाकट्या आत्यानं सांगितलं.

जेवायची पानं मांडायच्या आधी बाबांनी पाकीट आणलं. मला वाटलं होतं, ते आज काढणार नाहीत.

थोरली आत्या म्हणाली, “आन पेन.” लगेच. “मला काय करायचीय जमीन? लेकी-जावई सुखात हायेत.”

धाकटी म्हणाली, “आधी वाच तरी. वाच गं तू.”

मी वाचलं. ‘...स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता...’

“मोबदला न घेता म्हंजे लुगडं बी नाय?” धाकटी म्हणाली. सगळे हसले, बाबाही. मी मग परवाची ट्रंक सांगितली. कंस म्हणजे काय, ते थोरलीला माहीत नव्हतं. पाकिटाच्या पाठीवर मी आजीचं नाव लिहिलं आणि दोन्ही बाजूंना कंस काढले. ती बघत राहिली.

“आमचं बी आसंच व्हनार?”

“आधी वारस म्हणून तिघांची नावं लागतील. मग ह्यावर सही झाली की तुमच्या दोघींच्या नावाला कंस.”

“म्हंजे लागनार तरी.” तिला त्याचंच बरं वाटलं. तिनं खरंच पेन उघडलं होतं. माहेर आणि भाऊ तिच्या लेखी एकच आहेत. सही न करणं तिला भांडण वाटलं असतं. तिला मी दोष देत नाही, आणि ‘हक्क सांग’ असं दुरून म्हणणाऱ्यांत मला बसायचं नाही. मीही पुण्यात परवापर्यंत गप्पच होते.

बाबांनी खिसे चाचपले. मग पेटी, मग कोनाडा. “माझा चष्मा कुठं गेला,” म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. आम्हा तिघींनाही दिसत होता. कुणीच बोललं नाही.

“पुरण निवतंय,” धाकटी म्हणाली, आणि आमरसाची वाटी टेकवायला जागा नव्हती म्हणून ती त्या कागदावर टेकवली.

निघताना थोरलीनं माझ्या ओटीत एक पुरचुंडी घातली. तुळईवरची शेवटची कणसं तिनं गेल्या वर्षी उतरवून नेली होती. “फ्लॅटात कुठं पेरशील, पन ठिव.” बाबांना तिनं पाठीत धपाटा घातला, का ते मला कळलं नाही.

परतीच्या होडीत आम्ही दोघं आणि एक केळीवाला. वारं पडलं होतं. अक्षय्य तृतीयेचा दिवस, त्यामुळे भिगवणची चिलापी हुकली, हे बाबा स्वतःशीच दोनदा म्हणाले. मग पाण्याकडं बघत, आजी बोलायची तशी नावं घ्यायला लागले : हे पांदीतलं, हे चिंचेचं, इथं विहीर असेल. बरोबर की चूक, होडीवाल्यालाही सांगता आलं नसतं.

कळाशीचा काठ जवळ आला तसे ते म्हणाले, “वारसनोंदीला दोघींच्या आधारची झेरॉक्स लागेल. घ्यायची राहिली.”